स्नोवाले मामाजी

आमच्या मामाजींचा डावा गाल गुळगुळीत होता आणि उजवा रानातल्या ढेकळासारखा. लग्नाच्या गडबडीत मी काही सासऱ्याचं तोंड न्याहाळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाया पडायला वाकले, वर बघितलं, आणि पदराआडून बघतच राहिले. माणसाला दोन गाल असतात हे मला माहीत होतं, पण दोन वयांचे दोन गाल असतात हे काही माहीत नव्हतं, बाप्पा!

मी दुसरबीडची. नव्या सुनेनं सासऱ्याला तोंड वर करून प्रश्न विचारायची आमच्याकडे रीत नव्हती. आणि मला तर प्रश्न विचारल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. म्हणून चुलीपुढे बसलेल्या सासूबाईंना हळूच विचारलं, तर त्या पोट धरून हसायला लागल्या.

"त्याईलेच विचार ना! त्याईले लय आवडते सांगाले. मी ऐकून ऐकून म्हातारी झाली, आता तुही पाळी."

मी विचारलं. मामाजी खरंच खूश झाले. पाट ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, डाव्या गालाले दर घाण्याचा स्नो लावतो. उजव्याले काहीच नाई लावत. दोन्हीले लावलं तं फरक कसा समजन?"

स्नो म्हणजे तोंडाला लावायचं पांढरं मलम. एका वेळी पातेल्यात जेवढा स्नो शिजायचा त्याला घरात घाणा म्हणत, भज्यांचा असतो तसा. तर हा माणूस कितीतरी वर्षं आपलं अर्धं तोंड घाण्याला वाहून बसला होता. सगळं बुलढाणा त्यांना स्नोवाले म्हणायचं, आणि टवाळ पोरं मागून 'एकगालाचे' म्हणायची. ते त्यांना ऐकू यायचं. ते वळून सरळ पोरांनाच जवळ बोलवायचे आणि म्हणायचे, "ये, हात लावून पाह्य. मंग बोल."

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडवर मामाजींनी स्वतःच्या हातानं रंगवलेली जुनीच पाटी होती : 'पाकळी स्नो'. कंपनी म्हणजे काय, तर एक मोठं पातेलं, एक भट्टी, आणि आम्ही घरातली माणसं. सासूबाई जाळ बघायच्या. आमचे हे पिशवी खांद्याला लावून एसटीनं गावोगावच्या दुकानांत माल द्यायला जायचे. नणंद बेबी तेव्हा मॅट्रिकला होती, ती पातेलं ढवळायची आणि लेबलं चिकटवायची. आणि मी आल्या आल्या डब्या भरायला बसले. काचेच्या डब्या मलकापूर स्टेशनावर उतरायच्या आणि ट्रकनं राजूर घाट चढून वर यायच्या. घाटात ज्या फुटायच्या त्या फुटायच्याच. मामाजी म्हणायचे, "घाटाचा वाटा. देवाच्या आधी त्याले द्या लागते."

लेबलावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. खाली लिहिलं होतं, 'शाळकरी मुलींकरिता'. आणि त्याच्याही खाली, ठळक अक्षरात : 'या स्नोने कोणी गोरे होत नाही.'

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, छापणाऱ्यानं काहीतरी घोळ केला. पण नाही, मामाजींनी मुद्दाम लिहून दिलं होतं. धाडच्या बाजारातला आमचा दुकानदार एकदा हात जोडून घरी आला.

"काका, तेवढं वाक्य काढा ना! गिऱ्हाईक डबी हातात घेते, वाचते, अन् ठेवून देते."

"वाचते ना पण?" मामाजी म्हणाले.

"हाव, वाचते."

"मंग! आपल्या भागात लोक डबीवरचं वाचून राह्यले, हे का कमी आहे?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी डब्यांकडे बघितलं.

यापेक्षा वाईट त्यांचा वयाचा नेम. वेणी घालणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, तोंडावर पुटकुळ्या उठलेल्या पोरी, एवढंच त्यांचं गिऱ्हाईक. लग्न झालेल्या बाईला ते डबी देत नसत. एकदा कचेरीतल्या बड्या साहेबांच्या बाई जीपमधून आमच्या दारात उतरल्या. सासूबाईंनी धावत सतरंजी टाकली, मी चहा ठेवला. बाई हसून म्हणाल्या, "काका, तुमच्या स्नोचं नाव ऐकलं. एक डबी द्या."

"पोरीसाठी का?"

"नाही, मलाच हवी आहे."

मामाजींनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, वैद्य बघतो तसं. मग म्हणाले, "तुमाले कायले पाह्यजे, बाई? तुमचं तोंड ठरून गेलं. चांगलं ठरलं. हे ज्याईचं ठरायचं आहे त्याईच्यासाठी आहे."

स्वयंपाकघरात सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं माय! आता हे शेड बंद करते साहेब!" पण बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या आरशात बघावं तसं खिडकीच्या काचेत बघून मोठ्यानं हसल्या, आणि चहा पिऊन गेल्या. पुढे त्यांनी त्यांची भाची पाठवली. तिला डबी मिळाली आणि डबीबरोबर अर्धा तास भाषणही मिळालं.

भाषण ठरलेलं असायचं. पोरगी आली की मामाजी तिला खुर्ची द्यायचे, मोठ्या माणसाला देतात तशी. "बसा. तोंड कायनं धुता? बेसनानं? चांगलं. पुटकुळी फोडता का? खरं सांगा." पोरगी मान खाली घालायची. "फोडू नका. ते आली आहे, चार दिवस राहीन, जाईन. तिले तिचा संसार करू द्या." पोरी खुदुखुदु हसायच्या. कितीतरी पोरींना ते डबी न देताच परत पाठवायचे. "तुमाले स्नो नाई लागत. झोप लागते. जा, झोपा." आमचे हे डोक्याला हात लावून बसायचे. म्हणायचे, अशी कंपनी अख्ख्या देशात दुसरी नसेल, आणि नसलेलीच बरी.

मला मात्र एकच किडा चावत होता. पोरींचंच काऊन? एवढा मोठा धिप्पाड माणूस, धोतर, मिशा, आणि जन्म घातला शाळकरी पोरींच्या पुटकुळ्यांत. मी विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर. शाळेच्या मोठ्या बाईंना सांगितलं, "मोठ्या कंपन्याईचं पोरीकडं लक्ष नाई, म्हणून." धाडच्या दुकानदाराला सांगितलं, "पोरी घासाघीस करत नाईत, म्हणून." मला म्हणाले, "सूनबाई, त्या वयात माणूस आरशात जितका पाह्यते तितका मंग मरेलोक पाहत नाई. तठी कोणीतरी मदतीले पाह्यजे का नाई?"

उत्तर चांगलं होतं, पण माझं समाधान झालं नाही. शेवटी सासूबाईंनीच एक दिवस तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं.

मामाजींना धाकटी बहीण होती. वयात आली तशी तिच्या तोंडावर पुटकुळ्याच पुटकुळ्या. कोणा शेजारणीनं सांगितलं, बिब्ब्याचं तेल लाव, एका रात्रीत जातात. बिब्बा कसा असतो हे आपल्या भागात काय सांगायला पाहिजे? गाल भाजला. जखम भरली, पण काळा वण राहिला तो राहिलाच. मग पाहुणे बघायला यायचे आणि ती तो गाल भिंतीकडे करून बसायची, आणि पाहुणे म्हणायचे, जरा इकडं तोंड करा बरं. असं किती वेळा झालं ते सासूबाईंनी सांगितलं नाही. शेवटी एका बिजवराला दिली, दूरच्या गावी. मामाजी तेव्हा अकोल्याला औषधांच्या दुकानात कामाला होते. तिथल्या कंपाउंडरच्या हातापाया पडून त्यांनी स्नो करायचा शिकून घेतला आणि पहिली डबी घेऊन बहिणीकडे गेले.

"मग?" मी म्हटलं.

"मंग काय! ते म्हणली, आता कायले, दादा? अन् डबी आपल्या सावत्र पोरीले दिली."

मी त्यानंतर मामाजींना तो प्रश्न कधी विचारला नाही.

आता जिभेचं सांगते, कारण सगळं त्या जिभेवरच उभं होतं. स्नो म्हणजे स्टिअरिकचे पांढरे खवले वितळवायचे, त्यात पोटॅशचं पाणी सोडायचं, ग्लिसरीन घालायचं, ढवळत राहायचं. पोटॅश कमी पडला तर स्नो रवाळ होतो. जास्त झाला तर कातडी जाळतो. आणि पोटॅश अशी द्वाड चीज, हवेतलं पाणी पिऊन बसते. आज वजन केलं ते उद्या खरं नाही. म्हणून मामाजी पळीवर स्नो घ्यायचे, फुंकायचे, आणि जिभेच्या शेंड्याला लावायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा किंचाळलेच होते. जिभेला चावला तर पोटॅश जास्त. मग अजून खवले टाकायचे, तेही पातेलं गरम आहे तोवर. थंड झालं की खेळ खलास. नाही चावला तर माल पास.

"चावलं तं आपल्या जिभेले चावू दे," ते म्हणायचे, "पोरीच्या गालाले नाई."

दुसऱ्या कोणाच्या जिभेवर त्यांचा भरवसा नव्हता. आमच्या ह्यांची जीभ तंबाखूनं गेलेली. सासूबाई शिसारी येते म्हणायच्या. राहिली बेबी. तिची जीभ अशी तिखट की विहीर बदलली तरी पाण्यावरून ओळखायची. पण तिला मामाजी पळीजवळ येऊ देत नसत. ढवळायला चालते, चाखायला नाही.

एकदा ती बोललीच, "बाबा, मले शिकवा ना."

"तू परक्या घरी जाणार. आज तुले शिकवलं तं उद्या काय पातेलं तुह्या सासरी नेऊन देऊ?"

बेबी ढवळत राहिली. पण मला नंतर डब्या पुसता पुसता म्हणाली, "वहिनी, मले दुसरं काहीच नाई पाह्यजे. या पातेल्याजवळ उभं राहाचं आहे. सासरी कोण राहू देईन असं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची कीव आली आणि मनात म्हटलं, पोरी, तुझं हे होणं कठीण आहे. कारण सासूबाईंनी स्थळं बघायला सुरुवात केली होती, आणि धाडच्या एका चांगल्या घरातून निरोपही आला होता. मुलगा मास्तर, घरची शेती. नाव ठेवायला जागा नाही.

अशात एक दिवस शाळा सुटायच्या वेळी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. ओढणीनं तोंड झाकलेलं. आमच्याच गल्लीच्या पलीकडे तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. मामाजींनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिनं ओढणी बाजूला केली. दोन्ही गाल लालबुंद, कातडी सोललेली.

"चाचा, ऐसा काऊन हुआ?" तिनं विचारलं. रागावून नाही, खरंच विचारलं. "तुम्हीच तं सांगितलं होतं ना लावाले?"

मामाजींचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या गालावर गेला. गाल ठीक होता. त्याच घाण्याचा स्नो त्यांनीही लावला होता. पण उन्हातान्हात रापलेलं साठीकडे आलेलं ते कातडं, त्याला काय होणार? एवढी वर्षं गाल दाखवत फिरले आणि ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, आमच्याही नाही. त्यांनी डबी उघडली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. पुन्हा लावलं.

"नाई चावत," ते म्हणाले. "सूनबाई, नाई चावत हे."

मुलगी गेली. सासूबाईंनी तिच्याबरोबर घरचं लोणी दिलं. मग दुसऱ्या दिवशी तशाच सोललेल्या गालांच्या आणखी पोरी आल्या. मामाजी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही जबरदस्तीनं पानावर बसवलं. पहिला घास घेतला आणि सवयीनं म्हणाले, "मीठ कमी आहे."

हे आम्ही गेले कित्येक महिने ऐकत होतो. सासूबाई त्यांच्या चवीनं मीठ टाकायच्या, आणि घरधन्याला आवडतं म्हणून बाकीचे आम्ही निमूटपणे तेच गिळायचो आणि वर तांब्याभर पाणी प्यायचो. मी माहेरी गेले होते तेव्हा आईच्या हातचं मला आळणी लागलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बोला!

बेबीनं ताट पुढे सारलं. "आई, वरण खारट ढोण आहे."

"गप वं. त्याईले आळणी लागते."

"तेच म्हणून राह्यली मी," बेबी म्हणाली, आणि बापाकडे वळली. "बाबा, तुमाले काहीच खारट नाई लागत?"

मामाजींचा घास हातातच राहिला. आम्ही कोणी समजायच्या आत ते समजले होते. उठले, खरकट्या हातानंच शेडमधून डबी घेऊन आले आणि बेबीपुढे धरली. पहिल्यांदाच. तिनं जिभेच्या टोकाला लावलं आणि मोरीकडे धावली. गुळण्या करून आली तेव्हा तोंड कसनुसं झालं होतं.

"चावते, बाबा. लय चावते."

"मले लोण्यासारखं लागलं होतं," मामाजी म्हणाले, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडताना मी पहिल्यांदा बघितला. सासूबाई जवळ गेल्या तर म्हणाले, "बिब्बा लावला मी पोरीईले. डबीत भरून बिब्बा विकला."

बाप आणि लेक मग गावोगाव हिंडले. बाप म्हणजे मामाजी, लेक म्हणजे आमचे हे. दुकानादुकानांतून डब्या परत आणल्या, शेडमागे खड्डा करून स्नो पुरला. पोरींच्या घरी जाऊन मामाजी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, आत बोलावलं तरी जायचे नाहीत. बांगडीवाल्यांची ती मुलगी बरी झाली, गालावर काही राहिलं नाही. तिचे वडील म्हणाले, "जाने दो भाईसाब, बच्ची ठीक आहे." पण मामाजींनी भट्टी पेटवली नाही.

गावात बोलणं सुरू झालं, स्नोवाला संपला. आमच्या ह्यांनी अकोल्याहून पोटॅश ओळखायचा कागद आणला. कागद निळा व्हायचा, पण किती जास्त ते काही सांगायचा नाही. मग हे म्हणाले, मुंबईहून तयार स्नो मागवू, आपण फक्त डब्या भरून लेबल लावू. मामाजी एवढंच म्हणाले, "अन् चाखून कोणी पाह्यला, म्हणून सांगशीन पोरीले?" दोघांचं बोलणं बंद झालं. शेड बंद ठेवायची की कोणाच्या जिभेवर उघडायची, हा एकच प्रश्न घरात उठता-बसता होता, आणि त्याचं उत्तर घरातच लेबलं फाडत बसलं होतं. पण उत्तराचं लग्न ठरत होतं ना!

धाडचे पाहुणे यायचा दिवस उजाडला. आणि सकाळी बघतो तर काय, शेडमधून धूर! मामाजींनी भट्टी पेटवली होती.

सासूबाई कडाडल्या, "आजच सुचलं का तुमाले? पाहुणे येऊन राह्यले अन् तुमी पातेलं चढवता?"

"एक घाणा करून पाहतो," ते खाली मान घालून म्हणाले. "मंग कुलूप लावतो."

कोणी काय करणार? पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. बेबी नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली. मी चहा घेऊन दारात उभी. नाव सांगा, शिक्षण सांगा, चालून दाखवा, सगळं झालं. मग मुलाच्या आईनं आपला रुमाल तांब्याच्या पाण्यात बुडवला आणि बेबीच्या गालावरून फिरवला. तेव्हा असं करायचे. पावडर निघते का बघायचे. रुमाल कोरा निघाला.

"अवं, स्नोवाल्याची पोट्टी, अन् तोंडाले काहीच नाई लावलं!" बाई खूश होऊन म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा उजळला. काका घसा खाकरून म्हणाले, "आता आमच्या तर्फे..."

तेवढ्यात मागच्या दारानं मामाजी आत आले. अंगात बंडी, घामानं डबडबलेले, हातात लाकडी पळी, पळीवर वाफाळता स्नो. पाहुण्यांकडे बघितलंच नाही. सरळ पाटापुढे गेले.

"बेबी, पाह्य बरं चावते का. पातेलं थंड होऊन राह्यलं."

दाखवायला बसवलेली मुलगी, डोक्यावर पदर, समोर होणारी सासू, आणि बाप म्हणतो चाख! आमचे हे अर्धे उठले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बेबी आता रडते की काय.

बेबीनं मान वर केली. पळीवर फुंकर मारली. आणि भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत जीभ बाहेर काढली. पळीच्या पलीकडे तिचं तोंड मला नीट दिसलं नाही. मुलाची आई "अवं माय!" म्हणून मागे सरकली.

"चावते, बाबा," बेबी म्हणाली.

मामाजी तिच्याकडे बघत राहिले. "मले तं नाई चावत."

"चावते. खवले टाका लागते. आत्ता."

ते बघतच होते. मग त्यांनी पळी तिच्या हातात दिली. बस, एवढंच. बेबी पाटावरून उठली, पदर कमरेला खोचला, आणि पाहुण्यांच्या मधून शेडकडे चालती झाली. बघायच्या कार्यक्रमात मुलगी कोणी ऊठ म्हटल्याशिवाय उठत नाही, हे मी माझ्या सगळ्या जन्मात पाहत आले. त्या दिवशी एक उठली.

"ही काय रीत म्हणावी?" काका म्हणाले.

"रीत नाई," मामाजी हात जोडून म्हणाले. "पोट्टीले काम आहे. तुमची पोर आमच्या घरी असती तं... जाऊ द्या. लग्नानंतर बेबी घाण्याच्या दिवशी अथी येईन, चालन का तुमाले?"

"सून माहेरी येऊन स्नो चाटन?" मुलाच्या आईनं विचारलं, आणि रुमाल पिळून कमरेला खोचला. चहा तसाच राहिला. पाहुणे धाडची एसटी पकडायला निघून गेले. मुलगा बिचारा जाताना शेडकडे वळून वळून बघत होता. त्याला राग आला नव्हता, नवल वाटत होतं, असं आपलं मला वाटलं.

नंतर घरात जो गोंधळ झाला तो सांगत नाही. सासूबाई मामाजींशी महिनाभर बोलल्या नाहीत. गावात झालं, स्नोवाल्यानं पोरीचं लग्न पळीनं मोडलं. मामाजी रस्त्यानं जाताना बायका मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायच्या.

पण भट्टी पेटली ती पेटलीच. चाखायला बेबी, ढवळायला मामाजी. एकाच गालाला स्नो लावून दाखवत फिरणं त्यांनी बंद केलं, आणि डाव्या-उजव्याचा फरक हळूहळू गेला. पोरी परत यायला लागल्या, बांगडीवाल्यांची मुलगी तर सगळ्यांत आधी. लेबलावरचं ते वाक्य बेबीनंही काढलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, उशिरा झालं, गावातल्याच एका कारकुनाशी. तो म्हणाला, मला काय, मी कचेरीत, ती शेडमध्ये. माणूस सरळ होता. मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत नळ्या बाजारात येईपर्यंत बेबीनं कंपनी चालवली, आणि मग एक दिवस स्वतःच्या हातानं पाटी उतरवली. तोवर मामाजी नव्हते.

ते होते तेव्हाचीच ही गोष्ट. अंथरुणाला खिळले होते. दुपारी मी त्यांच्या बाजेजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी एवढी वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न शेवटी विचारलाच. मी कसली ऐकते!

"मामाजी, खरं सांगा. त्या दिवशी पळी घेऊन बैठकीत मुद्दाम आले होते ना तुम्ही? मला बोलवायचं होतं, तिच्यापर्यंत पळी मी नेली असती."

त्यांनी माझ्यापुढची एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"लोक म्हणतात, कंपनीसाठी पोरीचं स्थळ घालवलं."

"म्हणू दे."

"आणि स्नो तरी खरंच चावत होता का?"

तेव्हा ते हसले. दात नव्हते, तरी छान हसले.

"थे मले काय माहीत, सूनबाई? माह्या जिभेले समजत नव्हतं. अन् तिलेही नाई माहीत. मी समोरच उभा होतो ना. पोट्टीनं जीभ बाहेर काढली, पण पळीले लावलीच नाई."